तीस पावलांवरून बारसं

चिपळूणहून सकाळची बोरिवली एसटी धरली, तेव्हा घरात तिघांचे डोळे आले होते. नवऱ्याचे आणि दोन्ही मुलांचे. माझे मात्र स्वच्छ पांढरे! कांदिवलीला माझा भाऊ दिनू, त्याला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झालेली, आणि दुसऱ्या दिवशी तिचं बारसं. एकुलती एक आत्या मी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. तो सोडते की काय! घर सासूबाईंवर टाकून निघाले.

एसटीत निम्मी माणसं काळे गॉगल लावून बसलेली. महाडला चहाला उतरलो, तर शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे नाही ना कुणाचे आले?" मी भज्याचा मोठा घास घेतला आणि मान कशीतरी हलवली. लाज वाटली हो.

ठाण्यापुढे घोडबंदरच्या रस्त्याला एकीकडे हिरवा डोंगर, दुसरीकडे खाडी. मुंबई आली असं वाटेचना. बोरिवलीचा रिक्षावाला मात्र पक्का मुंबईकर. म्हणाला, "घाबरता काय ताई? माझे आले नि गेले पण!"

दिनूच्या चाळीच्या तोंडाशीच दवाखाना. मनात पाल चुकचुकत होती, म्हणून आधी तिथे शिरले. डॉक्टरांना घरचं आणि बारशाचं सांगून विचारलं, "डोळे लाल नसलेलं माणूस ही साथ देतं का?"

"बाई, हा व्हायरस नवा. कोणी म्हणतं देतं, कोणी म्हणतं नाही. मला ठाऊक नाही."

"मग बाळाला घेऊ?"

"माझी भाची असती तर मी घेतलं नसतं."

वाट लागली! अंगणातूनच दिनूला हाक मारली आणि सगळं सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. गॅलरीतून वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "वन्सं, नाव तुम्हीच ठेवायचं."

तेवढ्यात शेजारच्या मालवणी काकू कडाडल्या, "आवशीक खाव! मगे थयसूनच बोंब मार गो!" म्हणजे नाव तिथूनच ओरडून सांग.

मंडळाच्या रिकाम्या खोलीत माझा मुक्काम पडला. काकूंनी बांगड्याचं तिखलं (आंबट-तिखट दाट कालवण) पाठवलं. दिनू ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरकला. झकास होतं, पण एकटीला जाईना.

दुसऱ्या दिवशी पाळणा गॅलरीत आणला. मी तीस पावलांवर, चिंचेखाली. छाती भरून ओरडले, "कुर्रर्र! केतकी!" आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत, पण जवळ येणार कोण? बायकांनी कठड्यालाच धपाधप मारून घेतले. केतकी ढिम्म झोपलेली. मी तिथेच घुगऱ्या खात रडले. तिचा वासही घेतला नव्हता मी.

चिपळूणला परतले, आणि दुसऱ्या सकाळी पापण्या चिकटलेल्या. घरून नेली ही साथ, की एसटीतून आणली? त्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

"झालं! आता तुझेही," नवरा म्हणाला.

मी आरशात ते लालभडक डोळे पाहिले आणि खदखदून हसले. बरं केलं बाई, नाही घेतलं तिला. बरं केलं.