रिकाम्या खुर्चीचा मान

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका विनाकारण हसणारा माणूस डहाणू तालुक्यात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. कारण असलं की सगळेच हसतात, त्याला अक्कल लागत नाही. कुणी चिखलात घसरला, कुणाच्या पाटीतली मासळी कावळ्यानं पळवली, की आमचं सगळं चिंचणी गाव हसतं. व्याह्यांचं तसं नव्हतं. माणूस पडला तर ते धावत जाऊन त्याला उचलत. पण तोच माणूस कपडे झाडत ‘मी कुठं पडलो?’ म्हणाला, की ते तिथंच मटकन बसत आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. पडलेल्याचा आधी गुडघा दुखावलेला असे, मग मन. अशानं त्यांनी निम्मं गाव दुखावून ठेवलं होतं. बाकीचं निम्मं त्यांना वेडं समजत असल्यामुळे दुखावलं जात नव्हतं.

हे खूळ त्यांना जन्मापासून नव्हतं. तरुणपणी ते एका इराणी शेटच्या चिकूवाडीत देखरेखीला होते. शेटचा भाऊ विलायतेत राहायचा आणि तिथल्या टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांच्या कॅसेटी पाठवायचा. जुने कार्यक्रम, आजपासून चांगले चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. रविवारी दुपारी शेट ते लावून बसत. एकट्यानं हसण्यात काही राम नाही म्हणून व्याह्यांना शेजारी बसवत आणि इंग्रजीचं गुजरातीत करून सांगत. शेट वारले, त्यांची मुलं वाडी विकून गेली, आणि कॅसेटींचं खोकं व्याह्यांकडे आलं. व्याह्यांनी डहाणू रोडला स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांच्या सीड्या करून आणल्या. पण शेजारी बसणारं माणूस काही दुकानात मिळत नाही. त्यांची बायको, म्हणजे माझी विहीण, पहिलं वाक्य ऐकलं की उठून डाळ निवडायला जायची.

त्या सीड्यांमध्ये असायचं तरी काय, तेही सांगते, कारण मी त्या पाहिल्यात. एका मोकळ्या माळावर काळ्या टोप्या घातलेले दोन साहेब एकामागे एक उभे आहेत. पुढे काही नाही. झाड नाही, दार नाही, खिडकी नाही. तिसरा साहेब येतो आणि विचारतो, रांग हीच का? ते म्हणतात, हो, पण हा शेवट आहे, सुरुवात दुरुस्तीला गेली आहे. तिसरा साहेब आभार मानतो आणि उभा राहतो. संपलं. दुसऱ्या एकात गिऱ्हाईक दुकानात येऊन अर्धा किलो मंगळवार मागतं. दुकानदार म्हणतो, मंगळवार कालचा आहे, बुधवार ताजा आलाय, तो न्या. गिऱ्हाईक म्हणतं, बुधवार आमच्या मंडळींना पचत नाही. हे सगळं कुणी हसत हसत बोलत नाही. तहसीलदारासमोर उभं असल्यासारखे तोंड आवळून बोलतात. आणि व्याही खुर्चीतून खाली घसरायचे.

माझी मुलगी त्या घरात द्यायची ठरली ती दोन हजार चौदा साली. मानपानाच्या बैठकीला आम्ही डहाणूला गेलो. माझे यजमान आधीच वारलेले, त्यामुळे बोलायला माझे थोरले दीर. साड्या झाल्या, टोप्या झाल्या, जेवणात किती गोड हे झालं. दिरांनी विचारलं, “आणखी काही राहिलं का व्याहीबुवा? आत्ताच बोला, मागाहून रुसवा नको.” व्याही अगदी गंभीर तोंडानं म्हणाले, “एक राहिलं. मांडवात एक खुर्ची हवी. चांगली, मखमलीची. पण तिच्यावर कुणी बसायचं नाही.” दिरांनी विचारलं, “कुणासाठी?” व्याही म्हणाले, “कुणासाठीच नाही. म्हणून तर.”

दिरांनी हात जोडले आणि म्हणाले, “होईल.”

परत येताना टेंपोत नुसती खुर्चीचीच चर्चा. जाऊ म्हणाली, त्यांचा कुणी पूर्वज समुद्रात गेला असेल. दीर म्हणाले, कुलदैवताची असणार, विचारायचं कसं, आपल्याला रीत माहीत नाही असं दिसेल. मुलीकडच्यांनी सगळं मान्य करायचं असतं, समजून घ्यायचं नसतं, ही आमची जुनी शिस्त. मला बैठकीतच कळलं होतं की माणूस थट्टा करतोय. त्यांच्या नाकपुड्या हलताना मी पाहिल्या होत्या. पण मी बोलले नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईनं व्याही थट्टेखोर आहे असं म्हणायचं नसतं.

लग्नात लाल मखमलीची खुर्ची मांडवाच्या मधोमध ठेवली. दिरांनी तिला झेंडूचा हार घातला आणि स्वतः शेजारी पहारा देत उभे राहिले. जेवायलाही गेले नाहीत. व्याह्यांची ऐंशी वर्षांची आत्या, दोन्ही गुडघे सुजलेले, ती बिचारी टेकायला आली तर दीर ओरडले, “आत्याबाई, तिथं नको! मानाची आहे!” आत्याबाईंनी घाबरून खुर्चीला नमस्कार केला आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत खांबाला धरून उभ्या राहिल्या. व्याह्यांनी हे पाहिलं. आधी त्यांचं तोंड हसण्यासाठी उघडलं, मग आत्याचे पाय दिसले आणि ते मिटलं. त्यांनी धावत जाऊन आत्याला आपल्या जागेवर बसवलं आणि मग माझ्याकडे आले. “विहीणबाई, मी गंमत केली होती हो.”

“मग तेव्हाच सांगायचं होतं,” मी म्हटलं. “आता तिला हार पडलाय.”

एवढं बोलताना हसू दाबलं तरी माझा ओठ हलला. एकदाच. पण त्यांनी तो पाहिला आणि तिथंच सगळं बिघडलं. (पुढे त्यांच्या भावकीत आणखी दोन लग्नांत रिकामी खुर्ची ठेवली गेली. एका ठिकाणी तिच्यापुढे नारळही फोडला. व्याही घसा सुकेपर्यंत सांगत होते की असली रीत नाही. कोण ऐकतंय?)

त्या दिवसापासून त्यांना वाटायला लागलं की शेटच्या जागी बसणारं माणूस सापडलं. मी मुलीला भेटायला गेले की पाण्याचा तांब्या यायच्या आधी टीव्ही चालू. ते सीडीकडे बघत नसत, माझ्याकडे बघत. आणि मी दगडासारखी बसे. हसू येत नव्हतं असं नाही. पण त्या घरात व्याह्यांचं हे वेड सगळ्यांना लाज आणणारं. विहीण कपाळाला हात लावायची, त्यांचे थोरले भाऊ, जे शाळेत गुरुजी होते, ते उघड उघड ‘हा बावळटपणा’ म्हणायचे. अशा माणसासमोर मुलीच्या आईनं तोंड उघडून हसायचं म्हणजे सगळ्यांना वाटणार, ही सीडीला नाही, आमच्या माणसाला हसतेय. आणि ते ऐकायला लागणार माझ्या पोरीला, भाकऱ्या थापताना. माझ्या आईनं मला एवढंच शिकवून पाठवलं होतं की व्याह्यापुढे दात दाखवू नयेत.

एकदा भातकापणीनंतर त्यांनी टीव्ही टेंपोत घालून तलासरीला नेला. तिथं त्यांची भातजमीन होती. खळ्यावर मळणीला आलेली पाड्यावरची माणसं होती, गुरुजी होते, आम्ही बायका होतो. व्याह्यांनी माळावरची रांग लावली आणि मोठ्यानं मराठीत करून सांगायला लागले. रांगेची सुरुवात दुरुस्तीला गेली आहे, हे ऐकल्याबरोबर जान्या नावाचा गडी टाळी वाजवून ओरडला, “अरे, ही तर आपलीच रांग हाय!” त्याची बायको म्हणाली, “रेशनकार्डाची! तीन येळा उभी राहिले मी तिच्यात!” मग जे हसू सुटलं ते आवरेना. लोक पेंढ्यावर लोळले. पुन्हा लावा, पुन्हा लावा म्हणाले. गुरुजी मात्र ताठ उभे. “पण याचं तात्पर्य काय?” त्यांनी विचारलं. व्याही म्हणाले, “दादा, तात्पर्य दुरुस्तीला गेलंय.” गुरुजी चप्पल घालून सरळ रस्त्याला लागले, आणि दोन महिने भावाशी बोलले नाहीत.

मी यावर बराच विचार केला आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. आमच्या पुस्तकात प्रत्येक धड्याखाली तात्पर्य असायचं, लाकूडतोड्याचं वेगळं, कोल्ह्याचं वेगळं. जो जितके धडे जास्त शिकला, त्याला तितकी खाली बघायची सवय. तिथं काही सापडलं नाही की त्याला वाटतं आपल्याला फसवलं, आपला अपमान केला. जान्या शाळेतच गेला नव्हता. पण बिनसुरुवातीच्या रांगेत तो जन्मभर उभा राहिला होता. त्याच्यासाठी तो विनोद नव्हता, बातमी होती, आणि ती कुणीतरी साहेबानं तोंड आवळून मान्य केली याचंच त्याला हसू. म्हणजे ती गोष्ट सगळ्यांसाठी नाही, आणि कुणासाठी आहे ते नुसत्या शिक्षणावरून किंवा देशावरून ठरत नाही. ज्याला आपला मान सांभाळायचा आहे, त्याला ती पचत नाही. मी चौथी पास, मला हसूही येतं आणि मानही सांभाळायचाय. मधल्यामध्ये अडकले.

दोन हजार सतरात मी सुके बोंबील घेऊन त्यांच्याकडे गेले होते. घरात विहीण होती, गुरुजी होते, माझी मुलगी होती. व्याह्यांनी मंगळवारवाली सीडी लावली. बुधवार पचत नाही, इथपर्यंत आलं आणि मी पदर तोंडात कोंबला. त्यांनी टीव्ही थांबवला. ते माझ्यासमोर येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “विहीणबाई, एकदा खरं सांगा. तुम्हाला हसू येतं ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. विहीण, गुरुजी, माझी मुलगी. व्याह्यांच्या तोंडावर असं काही होतं की मला बघवेना. एक ‘हो’ म्हटलं असतं तर त्या माणसाचं काम झालं असतं. मी म्हटलं, “मला त्यातलं काय कळतंय? आमच्याकडे असली थेरं चालत नाहीत.”

गुरुजी म्हणाले, “घ्या. ऐकलंत?”

व्याही उठले, सीडी काढली, पुसली, डबीत ठेवली. मला म्हणाले, “बरोबर आहे तुमचं. तुम्हाला दर वेळी त्रास दिला.” पुढच्या खेपेला टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

मग पोरीनं, सासऱ्यांना ती बाबाच म्हणते, आनंदानं मला फोनवर सांगितलं, “आई, बाबा सुधारले. आता गुरुजीकाकांबरोबर देवळात भजनाला जातात.” कुणी घसरून पडलं की आता तेही सगळ्यांबरोबर हसतात, असंही तिनं सांगितलं. सगळ्यांनाच बरं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. पोरीच्या घरातली एक कटकट मिटली होती.

गेल्या वर्षी, एकोणीसच्या दिवाळीनंतर, मी मुद्दाम गेले. घरात आम्ही चौघंच, म्हणजे विहीण, गुरुजी, व्याही आणि मी. मी चहा संपवला आणि म्हटलं, “व्याहीबुवा, लावा की तुमचं ते जुनं.” गुरुजींनी माझ्याकडे चमकून पाहिलं. बघू दे, मी मनात म्हटलं, आता माझं वय झालं, पोरही तिच्या घरात रुजली.

व्याही हसले. चांगलं, शहाण्या माणसासारखं हसले. म्हणाले, “माझ्यासाठी कशाला अवघडता, विहीणबाई. त्या सीड्या गेल्या भंगारात. थांबा, तुम्हाला आवडेल असं दाखवतो.” त्यांनी मोबाईल काढला, चष्मा लावला आणि व्हॉट्सॲपवरचा नवरा-बायकोचा एक विनोद वाचून दाखवला. त्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि खाली तात्पर्यही होतं. गुरुजी हसले. विहीण हसली. व्याह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पूर्वी पाहायचे तसंच.

मी हसले. या वेळी दात दाखवून, मोठ्यानं.

त्यांचं तोंड उजळलं. “बघा,” ते गुरुजींना म्हणाले, “मला उगाच वाटायचं विहीणबाईंना हसू येत नाही. मीच मेला चुकीचं दाखवत होतो.” आणि ते उत्साहानं दुसरा विनोद शोधायला लागले.