बिब्बा उतलाय

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला मुलगी झाली आणि आईनं गावच्या देवीला बोललेला बोकड द्यायची वेळ आली. आमचं गाव इगतपुरीच्या पुढे, मी सातपूरला कंपनीत कामाला. नवसबिवस मला पटत नाही, पण आईपुढे कोण बोलणार? तोंड उघडलं की, "मग तुला ही उगाच झाली का?"

कापायच्या आदल्या दिवशी बोकड चाऱ्याला तोंड लावेना. सकाळी थरथरायला लागला, नाकातून काळसर रक्त यायला लागलं. माझा थोरला भाऊ म्हणाला, "आई, ह्यो आजारी हाय. दुसरा आणू." आई कडाडली, "नवसाचा बोकड आपसूक मेला तर पोरीवर यील! जीव हाय तवर सुरी फिरव." पोरगी माझी, आणि तिच्या जिवाची भीती घालून आईनं दादाच्या हातात सुरी दिली. भात कापताना विळा लागून त्याचं मनगट चिरलं होतं. बोकडाचं रक्त कोपरापर्यंत आलं. मटण रटरटून शिजवलं, सगळ्यांनी ओरपलं, कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. "बघ, उगा घाबरत होतीस," आई मला म्हणाली.

मी सातपूरला परतले. पुढचं वहिनीनं सांगितलं. त्या चिरेवर पुळी आली, डास चावल्यासारखी, खाजरी. आईनं बिब्बा तापवून त्याचं तेल चटकवलं. आमच्याकडे कशालाही बिब्बा. काटा मोडला, बिब्बा. गाठ आली, बिब्बा. त्यानं कातडी भाजून काळी पडते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून पुळी फुटून मधोमध काळीकुट्ट खपली धरली तेव्हा सगळं घर निवांत. बिब्ब्याचं तेल बाधून कातडीवर फुटलं की आमच्याकडे म्हणतात, बिब्बा उतलाय. भोवती पाण्याचे फोड आले, बिब्बा उतलाय. हात खांद्यापर्यंत सुजला, तरी बिब्बाच उतलाय! आणि मेली ती खपली दुखत नव्हती. दुखली असती तर दादा वाचला असता, कारण जरा दुखलं की तो अख्खं गाव डोक्यावर घ्यायचा.

वहिनी फोनवर रडली म्हणून मी गेले. हात बघून आईला नाही नाही ते बोलले आणि गाडी करून दादाला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरनं विचारलं, "जनावर कापलं होतं का?" आई पटकन म्हणाली, "नाय हो, बिब्बा उतलाय." देवीला आजारी बोकड दिला हे परक्यापुढे कबूल करायचं नव्हतं तिला. पोरगा तापानं फणफणतोय आणि ही बाई अब्रू झाकतेय! मीच सगळं सांगितलं.

"काळपुळी," डॉक्टर म्हणाले. गुराढोरांना फाशी नावाचा रोग होतो, अँथ्रॅक्स, तोच हा. पुळी आल्या आल्या आणला असता तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं. आता जंतू रक्तात उतरलेत. औषधानं जंतू मरतील, पण त्यांनी सोडलेलं विष अंगात फिरतंय. त्यानंच मांस मरतं, नसा पाझरतात, सूज चढत जाते. ते विष आता परत कसं काढायचं?

दादा शुद्धीवर होता, हाच या रोगाचा हलकटपणा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागितला, साखर कमी म्हणून नर्सशी भांडला. मला वाटलं, वाचला. दुपारी रक्तदाब कोसळला, ओठ निळे पडले, धाप लागली. "दुखत नाय गं कुठं," मला म्हणाला. त्यानंतर बोलला नाही.

दादाचे दिवस झाल्यावर सगळे बसलेले असताना आईनं विषय काढलाच. "बोकड रोगी व्हता, देवीनं नाय धरला. नवस राहिलाय. दुसरा द्यावा लागंल." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण माझ्याआधी वहिनी बोलली. सासूपुढे कधी मान वर न केलेली बाई. माझ्या मुलीकडे बघत म्हणाली, "फिटला की नवस. हिच्यापायी माझा माणूस घेतला ना देवीनं? आता अजून काय कापायचंय?"

अगं वहिनी, तो रोग होता, देवी असलं काही मागत नसते, डॉक्टरनं सांगितलं ना, असं मी कितीतरी वेळ बोलत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात मुलगी रांगत तिच्याकडे गेली आणि पदराला धरून उभी राहायला लागली. वहिनीनं तिची बोटं एकेक करून पदरापासून सोडवली.