बाळंतिणीच्या तीन फेकी

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या स्टँडवर माझी लोखंडी पेटी एसटीच्या टपावर चढत होती आणि बाबा खालून कंडक्टरला सांगत होते, "पोरगी सायब होऊन चालली, सांभाळून नेजो." कंडक्टरने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पेटी तेवढी सांभाळून नेली. मी तेवीस वर्षांची होते. नव्या चपला, वेणीला बोटभर तेल आणि डोक्यात नुसती हवा. मत्स्यव्यवसाय खात्यात नेमणूक झाली होती, तीही थेट रत्नागिरी जिल्ह्यात. समुद्रपूरच्या पोरीने समुद्र चित्रातही धड पाहिला नव्हता, याचं स्टँडवरच्या चहावाल्याला फार हसू येत होतं. मला त्याचा राग आला होता. आज तो भेटला तर मीच त्याला चहा पाजीन.

निरोपाला गोदी आली होती, तिच्या बापाला घेऊन. आमचं घर कापूस-तुरीचं, त्यांचं घर तलावावरचं. आमच्या गावाला मोठा तलाव आहे आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांची दहा-बारा घरं त्याच्यावर जगायची. गोदी माझ्याच वयाची. चौथीनंतर तिची शाळा सुटली, पण सही करायला मी तिला शिकवली होती, आमच्या ओट्यावर, कोळशाने. तिचा बाप मारोतीकाका. त्याने उरलेल्या नायलॉनच्या दोऱ्याची एक जाळीदार पिशवी माझ्यासाठी विणून आणली होती. म्हणाला, "तिकडं सायेब लोक पिशवी घेऊन बाजारात जाते म्हन्ते." गाडी सुरू झाल्यावर गोदी खिडकीखाली धावत आली आणि म्हणाली, "शालू, तिकडं मासा खारट राह्यते का व, तेवढं लिहून कळवजो."

बाबांचं शेवटचं वाक्य असं होतं, "पाण्याची नोकरी हाय. घरात येताना पाय पुसून येत जाजो." मला वाटलं, बाबा चिखलाचं बोलताहेत. बीएस्सी झाले होते ना मी.

पहिल्या गस्तीची गोष्ट नातीला सांगते तेव्हा ती लोळून हसते. खाकी शर्ट कडक इस्त्रीचा, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात शिट्टी. बंदराच्या बाहेर पडलो आणि सकाळची पोळी-भाजी मी अरबी समुद्राला अर्पण केली, नंतर गॉगलही. तांडेल, म्हणजे आमची बोट हाकणारा म्हातारा, मला म्हणाला, "मॅडम, शिट्टी तरी राखा." शिट्टी राखली, पण तिचा उपयोग काय? वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात ती माझी मलाच ऐकू येत नसे. मोठमोठ्या बोटी बंदीच्या काळात जाळी टाकायच्या, दिव्यांचा लखलखाट करून मासा गोळा करायच्या, आणि आमची बोट पोचेपर्यंत पाण्यावर फक्त त्यांच्या डिझेलचा तवंग राहायचा. मी तवंगाकडे बघून शिट्टी वाजवायची. इतकी वर्षं वाजवली. पकडल्याही काही, नाही असं नाही. पण पकडलेल्या बोटीचा मालक वकील घेऊन यायचा, हरकती घ्यायचा, आणि मी केलेला पंचनामा उसवून उसवून त्याचा दोरा करायचा.

तिथेच लग्न झालं, एका शाळामास्तराशी. मुलगी झाली. 'मले'चं 'मला' कधी झालं ते कळलं नाही. तर्रीदार रस्स्याच्या जागी नारळाचं वाटण आलं. आणि मारोतीकाकाच्या पिशवीतून मी सोलकढीसाठी नारळ आणू लागले. गोदीला मात्र मी ते कधीच लिहून कळवलं नाही, मासा खारट असतो की नाही. मोठ्या हुद्द्यावरच्या बाईने असली पत्रं लिहायची असतात का?

अठरा वर्षांनी बढती मिळाली आणि बदली वर्ध्याला झाली. मीच मागितली होती. नवऱ्याला सांगितलं, मी आधी जाते, गावात दोन खोल्या बांधते, मग तुम्ही दोघं या. वर्ध्याला क्वार्टर, दाराशी जीप. पहिल्या रविवारी गावात गेले तेव्हा जीप मुद्दाम पाराजवळ थांबवली आणि घरापर्यंत चालत गेले, सगळ्यांना दिसावं म्हणून. गोदी तलावाकडून येत होती. तिला भाऊ नव्हता, म्हणून मारोतीकाकाने मरायच्या आधी फेकजाळं तिलाच शिकवलं होतं. नवरा कारंजाकडे ट्रकवर होता. तिने माझ्या गालाला ओला हात लावला आणि विचारलं, "खारट राह्यते का व?" मी हसले. तेव्हा तरी उत्तर द्यायचं.

आता त्या आषाढातल्या सकाळचं लिहिते, गावच्या माणसांसाठी. तुम्ही गावात राहिलेले, तुम्हाला हे ठाऊक आहेच, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि तुम्ही माझ्यासारखे पुण्या-मुंबईला गेलेले, तुम्हाला वाटतं की गाव आपल्याला विसरलं. गाव विसरत नाही, हीच तर अडचण आहे.

आषाढात मासा विणीला येतो. तेव्हा तलावात जाळं टाकायचं नाही, हा सरकारी नियम. पण सरकारच्या आधीपासून आमच्या गावात तोच नियम होता. पाऊस लागला की सगळी जाळी आढ्याला टांगायची. त्याला एकच सूट होती, बाळंतिणीची. ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरच्या माणसाने आदल्या दिवशी घरोघर सांगून यायचं, पहाटे एकटं पाण्यात उतरायचं आणि तीनदा जाळं फेकायचं. चौथ्यांदा नाही. गाभोळीचा, म्हणजे पोटात अंडी असलेला मासा आला तर परत सोडायचा. मग ते ओलं जाळं काठावरच्या बाभळीला दिवसभर टांगून ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं म्हणून. याला बाळंतिणीच्या तीन फेकी म्हणायचे.

मी त्या पहाटे अचानक तपासणीला गेले. जीपमध्ये ड्रायव्हर, माझा लिपिक आणि शेजारच्या गावातून घेतलेले दोन पंच. पाणी काचेसारखं स्थिर होतं. मध्ये कमरेइतक्या पाण्यात एक बाई जाळं ओढत होती. मी शिट्टी वाजवली. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा माझी शिट्टी जिथे जायला हवी तिथे सरळ गेली. बाई वळली. गोदी होती.

ती काठाला आली. डब्यात दोन मरळ होत्या, तळहाताएवढ्या. तिची पोरगी सिझर होऊन सावंगीच्या दवाखान्यातून घरी आली होती, टाक्यांना मरळ चांगली म्हणून. तिने सरळ सांगितलं, "दुसरी फेक हाय, शालू. एक राह्यली." तोवर ढिवरांच्या सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष धावत आले. तलावाचा ठेका या सोसायटीकडे होता आणि त्याची मुदत त्याच वर्षी संपत होती. ते हात जोडून म्हणाले, "ताई, ह्या तीन फेकी होत. तुमाले तं मालूम हाय."

मला माहीत होतं. मी नऊ वर्षांची असताना आमच्या आईला माझा भाऊ झाला, तेव्हा आमच्या घरात जाळं टाकणारं कोणी नाही म्हणून मारोतीकाका पाण्यात उतरला होता आणि काठावर डबा धरून मी उभी होते. पण जीपमध्ये पंच बसले होते, लिपिक माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, गाववाली म्हणून सोडलं असं कोणी म्हणायला नको. मी म्हणाले, "असा काही नियम मला माहीत नाही."

हे वाक्य मी शुद्ध भाषेत म्हणाले. 'मले मालूम नाई' असं म्हणाले असते तर बहुतेक जिभेनेच अडवलं असतं.

पंचनाम्याच्या छापील कागदावर एक रकाना होता, मासेमारीचा उद्देश. त्यात दोनच पर्याय, विक्री आणि संशोधन. लिपिकाने विचारलं, "काय लिहू मॅडम?" अध्यक्ष म्हणाले, "ताई, विक्री लिहू नका. विक्री म्हनलं की सोसायटीनं अट मोडली होते. तलाव जाईल आमचा." मी लिहायला लावलं, विक्री. रकान्याच्या बाहेर पेन न्यायचं नाही, एवढं मी अठरा वर्षांत शिकले होते. गोदी तोवर माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कुठं सही करू, मॅडम?" तिने सही केली. 'ग'ची काठी खाली जरा वाकडी, मी ओट्यावर शिकवली होती तशीच.

जाळं जप्त झालं. मारोतीकाकाच्या हातचं जाळं होतं ते. पुढे नियमाप्रमाणे नष्ट केलं, माझ्या सहीने. माझ्या सगळ्या नोकरीतली ही सर्वांत भक्कम केस. आरोपीने काही नाकारलं नाही, वकील आणला नाही, एक हरकत घेतली नाही. वरून शाबासकीचं पत्रही आलं. त्या मोठ्या बोटींच्या मालकांनी ते वाचलं असतं तर पोट धरून हसले असते.

चार दिवसांनी बाबा वर्ध्याच्या ऑफिसात आले. एसटीने, एकटे, धुतलेलं धोतर नेसून. बाकावर तासभर बसून राहिले. आत बोलावलं तेव्हा उभ्यानेच म्हणाले, "डबा तूच धरला होता व माय. अहवाल गेला नसंल तं बदलून टाक." अहवाल गेला नव्हता. माझ्या टेबलावर, डाव्या हाताखाली होता. मी म्हणाले, "बाबा, ऑफिसात हे बोलू नका." चहा मागवला. त्यांनी तो पूर्ण प्यायला, कारण अन्नाचा अपमान त्यांनी कधी केला नाही. मग उठले. दाराशी पायपुसणं होतं. येताना ते त्याच्यावर थांबले नव्हते. जाताना थांबले, आणि दोन्ही पाय नीट पुसून बाहेर गेले.

त्या दुपारी मी अहवाल पाठवला. नीट इस्त्री केलेली बाई होते मी.

वर्ष संपताना सोसायटीचा ठेका गेला. तलाव बाहेरच्या एका कंत्राटदाराकडे गेला. त्याने काठावर पाटी लावली आणि रखवालदार बसवला. बाभूळही तोडली, गाडी वळायला अडचण होत होती म्हणून. ढिवरांच्या पोरांपैकी कोणी हिंगणघाटला मिलमध्ये लागलं, कोणी बुटीबोरीला गेलं. त्यांना कोणी स्टँडवर सोडायला गेलं असेल का, मला माहीत नाही. ती घरं मी हलवली, एका शब्दाने.

गावाने मला काही म्हटलं नाही. कोणी बोलणं टाकलं नाही, तोंड फिरवलं नाही. फक्त खुर्ची द्यायला लागले. ज्या ज्या घरी मी आधी ओट्यावर टेकायची, तिथे माझी चाहूल लागली की आतून प्लास्टिकची खुर्ची यायची, पदराने पुसली जायची. "बसा." आमच्या घरीसुद्धा, भावाच्या बायकोने आणली. बाबा समोर जमिनीवर बसलेले आणि मी खुर्चीवर. दोन खोल्यांसाठी आखलेल्या जागेत मग भावाने गोठा बांधला. मी दोन वर्षांत बदली मागून परत रत्नागिरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत तवंगांवर शिट्ट्या वाजवल्या.

या उन्हाळ्यात गावाला गेले होते. गोदीकडे गेले. मनाशी ठरवून गेले होते की खुर्ची यायच्या आत जमिनीवर बसायचं. बसलेही, धप्पकन, सत्तरीला टेकलेली बाई जशी बसते तशी. गोदी खुर्ची हातात घेऊन तशीच उभी राहिली, मग तिने ती भिंतीला लावली आणि समोर बसली. तिची ती बाळंतीण पोरगी आता नागपूरला असते, त्या वेळचं बाळ नोकरीला लागलंय. भाजी कसली केली विचारलं तर म्हणाली, "मासा. बर्फाचा. बाजारातून आनला." तलावावरची बाई बाजारातून मासा आणते, हे तिने असं सांगितलं जसं कोणी हवापाण्याचं सांगावं.

मी पर्समधून पिशवी काढली. मारोतीकाकाची, नारळांनी ताणलेली, पण एक गाठ सुटलेली नाही. त्याच्या हातचं विणकाम आता जगात एवढंच उरलं आहे, आणि तेही माझ्याकडे. मी म्हणाले, "गोदे, खारट नाई राहत व. आतून गोडच राह्यते." तिने पिशवी हातात घेतली, एकेका गाठीवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मला वाटलं, ठेवून घेईल. तिने घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. "राहू द्या तुमच्यापाशी. आमच्याकडं कुठं पानी हाय आता."

मग मला उठता येईना. गुडघे सोडायला तयार नव्हते. गोदी हसली, अगदी पूर्वीसारखी, तोंडावर पदर घेऊन. दोन्ही हात धरून तिने मला उभं केलं. तेवढा वेळ मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, ऊठ व शालू, असं वाटत होतं. ती म्हणाली, "सांभाळून, मॅडम."

रत्नागिरीत माझ्या शेजारी एक खारवीण राहते. तिच्या नवऱ्याची होडी मी दोनदा अडवली होती. संध्याकाळी ती पायरीवर सुकट निवडत असते आणि मी दिसले की सरकते, म्हणते, "बस गो हितं." मी बसते. तिथे माझं काही नाही, माती नाही, भाषा नाही. पण खुर्ची येत नाही. या वयात घर म्हणून मला एवढं पुरतं. पुरावंच लागतं. पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे, लसूण भरून. आणि बाहेरून आले की मी पायपुसण्यावर पाय पुसते, एकदा, मग पुन्हा एकदा. नात विचारते, आजी, पाय तर कोरडे आहेत. मी म्हणते, असू दे.