पायॉन घेऊन भिलाईला

भिलाईच्या कॉलेजातून प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा माझ्या डोक्यात भौतिकशास्त्र कमी आणि तिथल्या मावशीचा स्वयंपाक जास्त होता. नागपूरहून सकाळची गाडी धरा, दुपारी दुर्ग. भिलाईला जायचं असलं तरी दुर्गलाच उतरा. बऱ्याच गाड्या भिलाईला न थांबता पुढे धावत सुटतात. तिथून भिलाईतल्या सुपेल्यापर्यंत शेअर ऑटो. मांडीवर अनोळखी माणसाची पिशवी येईल. येऊ द्या.

"जय भीम, ये," म्हणत मावशीने तांदळाचे गरम चिले, म्हणजे धिरडीच, वाढले, सोबत टमाट्याची चटणी. तिसऱ्या चिल्यावर तिने विचारलं, "इतकी वर्षं तू करून काय राहिली?"

"पायॉनवर पीएचडी."

"प्यून? त्याच्यावर पीएचडी कावून लागते?"

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन कॉलेजात सोबत आलीच. माझा नमुना तास होता. ही थेट शेवटच्या बाकावर. मी सुरू केलं: क्वार्क, म्हणजे प्रोटॉनच्या आतले कण, दोन तऱ्हेचे, डावे आणि उजवे. त्यांना वजनच नसतं, तर नियमांनी दोघांना वेगवेगळं ठेवलं असतं. पण रिकाम्या वाटणाऱ्या जागेतही डाव्या-उजव्यांच्या जोड्या खच्चून भरलेल्या असतात, त्यामुळे ही वेगळेपणाची सममिती मोडते. त्या गर्दीत उठणारी अगदी हलकी लहर म्हणजे पायॉन.

पोरं मोबाइलमध्ये. मागून आवाज आला, "हलकी कावून? वजन शून्यच कावून नाही?"

प्राचार्य कडाडले, "मैडम, गार्जियन लोग बाहर बैठेंगे!"

माफी मागून पुढची स्लाइड लावायची, की उत्तर द्यायचं? नोकरी हवी होती हो, फार हवी होती. पण प्रश्न नेमका होता.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. "मावशी, क्वार्कांना स्वतःचं जरासं वजन आहे. म्हणून सममिती मुळातच थोडी कच्ची. ते वजन शून्य असतं, तर पायॉनचंही शून्य असतं."

"असं बोल ना मंग," म्हणून ती डबा उचलून बाहेर गेली. दोन पोरांनी मोबाइल खाली ठेवले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं.

नागपूरला परतल्यावर कळलं, दुसऱ्याला घेतलं. दोन दिवस मी त्या तासाच्या स्लाइड पुन्हा पुन्हा चाळल्या. मग आठवलं, सेमिनारांमध्ये मला सगळे 'छान' म्हणायचे. मावशीसारखं 'कावून', म्हणजे 'का', कोणीच विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मावशीचा फोन. "रविवारी विहारात ये. बायकाईले सांगून ठेवलं म्या, तू पायॉन समजावून सांगशीन."

तिकीट काढलंय. हॉल भरणार म्हणे, आणि प्राचार्य एकही नाही.