न दिलेली थाप

पौषातल्या सकाळी आदिलाबादच्या या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामात शिरले, की सरकीचा तेलकट, उबदार वास आधी भेटतो आणि त्याच्या पाठोपाठ घामाने आंबलेल्या गाद्यांचा. इथेच गंगन्ना सरांनी आम्हा मुलींना मिश्र युद्धकला शिकवली, ठोसे, लाथा आणि कुस्ती एकाच रिंगणात. आणि इथेच माझे उजवे कोपर कायमचे वाकडे झाले.

या खेळात हात पिळून अडकवला गेला की गादीवर दोनदा थाप द्यायची आणि समोरच्याने तत्काळ सोडायचे, असा साऱ्या जगाचा रिवाज. सरांच्या तालमीत मात्र थाप निषिद्ध होती. “हात तुटला तं जुळते, थाप द्याची सवय लागली तं सुटत नाही,” असे ते म्हणत, आणि जी थाप देई तिला पंधरवडाभर नावाने हाक मारीत नसत. त्या अबोल्याची मला हाड मोडण्याहून अधिक धास्ती होती. म्हणून एका दुपारी माझा हात अडकला तेव्हा मी दात आवळून पडून राहिले, आणि ओली फांदी मोडल्यासारखा आवाज माझ्याच अंगातून आला.

पण याच माणसाने तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून मला तालमीत पाठवायला माझ्या वडिलांचे मन वळवले होते, आणि दवाखान्यात दुधात भाकरी कुस्करून मला स्वतःच्या हाताने भरवली होती. आज मी शाळेत व्यायाम शिकवते, चार माणसांत ताठ मानेने उभी राहते, ती त्यांच्याच जिवावर. त्यांना बोल लावायला जीभ रेटत नाही, आणि पाया पडायला मन धजत नाही.

सरांना जाऊन वर्ष झाले त्या दिवशी त्यांच्या तसबिरीसमोर मुलींची एक लढत ठेवली होती. पंच मी होते. माझी विद्यार्थिनी वैशाली, पैनगंगेकाठच्या खेड्यातली, कापूस वेचून तळवे राठ झालेली पोर, खाली सापडली आणि तिचा हात पुरता अडकला. भोवतीचे जुने चेले ओरडू लागले, “थाप देऊ नको, वैशाले! सर पाहून राह्यले!”

तिचा मोकळा तळवा गादीपासून बोटभर वर थांबला होता. कोपर उलट्या बाजूला कलत चालले होते. लढत थांबवण्याचा अधिकार माझा होता, आणि तरी मी हलले नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. पोरगी चिवट निघाली, या अभिमानाने माझा ऊर भरून आला होता. आणि तो अभिमान सरांचा होता, हे कळताच मला स्वतःचीच शिसारी आली. मी दोघींच्या अंगावर झेपावले.

“काऊन सोडवलं, बाई?” वैशाली ताडकन उठली. तिचे डोळे भरले होते. “मी हरली नवती!”

गोदामात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी तोंड फिरवले. मी तिचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत चाचपून पाहिला. कुठेही इजा नव्हती. तिने तो हिसकावून घेतला आणि ती पाठ करून उभी राहिली. मी दोन श्वास उशीर केला होता, हे तिला कुणी सांगितले नाही; मीही नाही.