विजयसिंहांची दाढ

गडमुडशिंगीत विजयसिंह चौगुले यांची पिठाची गिरणी आहे. नाव राजाचं, पण अंगावर दिवसभर पीठ, त्यामुळं गाव त्यांना विजूदादा म्हणतं. गिरणी सुरू असताना बोलायचं तर ओरडावं लागतं. ती बंद झाल्यावर आवाज खाली आणायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना ते मीठ मागायचे, तेव्हा कधीकधी शेजारचं कुणीतरी मीठ घेऊन यायचं.

संयोगिता ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्यावर आपण कधी हात उचलला नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते दळणाला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. पोरगी सहावीत असताना तिच्या डोक्यात उवा झाल्या. विजयसिंहांनी गिरणीच्या दारातून समोर घराकडं बघून बायकोला हाक मारली, "पूर्णिमाऽ, पोरीच्या उवांचं औषध आणलंय, घिऊन जा!" औषध चांगलं होतं, उवा गेल्या. वर्गातल्या मुली मात्र बरेच दिवस संयोगिताच्या बाकावर बसल्या नाहीत. तेव्हापासून ती बापाला फारसं काही सांगेनाशी झाली. पोरगी मोठी व्हायला लागली, लाजते, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दहावीनंतर तिनं सायन्स घेतलं. म्हणजे घरात तसं ठरलं. शहरात, राजारामपुरीत क्लास लावला. ती दुपारी बसनं जायची, दिवस मावळता यायची. क्लास कसा चाललाय विचारलं की "बरा" म्हणायची.

दिवाळीनंतर एका दुपारी गिरणीत फोन आला. पट्टा फिरत होता, बायका डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"काय?" विजयसिंह ओरडले. "संयोगिता? क्लासला येत न्हाय? गणपतीपास्नं?"

त्यांना नीट कळायच्या आधी रांगेला कळलं. पुढच्या धोंडुबाईंनी पदर तोंडाला लावला. विजयसिंहांनी गिरणी बंद केली आणि मोटारसायकलला किक मारली. "माझं दळण?" असं धोंडुबाईंनी विचारलं, पण हळूच.

क्लासच्या इमारतीत खाली औषधाचं दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि त्याच्या वर क्लास. क्लासमध्ये पोरगी नव्हती. जिना उतरताना दवाखान्याच्या काचेतून त्यांना ओळखीची ओढणी दिसली. संयोगिता मांडीवर दप्तर घेऊन बाकावर बसली होती. तिथं पंखा होता, प्यायला पाणी होतं, आणि जो तो आपापल्या दाढेत गुंतलेला असल्यामुळं कुणी काही विचारत नव्हतं.

विजयसिंह आत शिरले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. बाकावरच्या सुजलेल्या गालांनी त्यांच्याकडं बघितलं. घेतलेला श्वास कुठंतरी सोडायला हवा होता, म्हणून ते खोकले आणि लेकीशेजारी बसले.

काउंटरवर स्वप्नाली नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "पेशंट कोण तुमच्यातलं?"

संयोगितानं मान खाली घातली.

"मी," विजयसिंह म्हणाले.

हे अगदीच खोटं नव्हतं. डावीकडची दाढ उन्हाळ्यापासून ठणकत होती, लवंगेवर भागत होतं. डॉक्टरीणबाईंनी दिव्याचा उजेड पाडून बघितलं, फोटो काढला आणि दाढ आजच काढावी लागेल असं सांगितलं. पोरीला जाब विचारायला आलेला माणूस आ करून खुर्चीत पडून राहिला. दाढ निघाली. कापसाचा बोळा बसवून बाई म्हणाल्या, "घट्ट चावून धरा. तासभर बोलायचं नाही. अजिबात नाही."

बाप-लेक पुन्हा बाकावर बसले. संयोगिता ओरड्याची वाट बघत राहिली. तो येत नाही म्हटल्यावर तिनंच सुरुवात केली.

"मला फिजिक्स कळत न्हाय. पहिल्यापास्नंच न्हाय. एकदा सरांना विचारलं तर सगळी हसली. मग मागं बसाय लागलो. मग वर जायचंच बंद केलं."

विजयसिंहांनी हात वर केला.

"थांबा, माझं व्हायचंय अजून. आईला म्हाईत हाय. मीच सांगू नको म्हटलं तिला. तुमाला सांगितलं की गल्लीला सांगितल्यागत होतंय. उवांचं तुमाला आठवत बी नसंल."

आठवत नव्हतंच. त्यांनी आठवून बघितलं. औषधाच्या बाटलीचा रंग आठवला, बाकी काही नाही. सांगण्यासारखं त्यांच्याकडं पुष्कळ होतं, पण बोळा होता. लेक एवढं सलग बोलू शकते हे त्यांना माहीत नव्हतं. तिचा आवाज किंचित घोगरा आहे, त्यांच्या आईसारखा, हेही त्यांना त्या दिवशीच कळलं. त्यांचे डोळे भरून आले.

"काका, लई दुखतंय काय?" स्वप्नालीनं विचारलं. त्यांनी मान हलवली.

बोळा काढल्यावर ते बोलले. ओठ अजून बधिर होते, त्यामुळं आवाज बारीक निघाला. "मग आता काय करूया म्हणतीस?"

"म्हाईत न्हाय."

"बरं," ते म्हणाले. दोघं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाई दळण न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "विजूदादा, पोरीचं काय झालं म्हणायचं?"

"ज्वारी बारीक पायजे का जाड?" विजयसिंहांनी विचारलं. धोंडुबाईंनी पुन्हा विचारलं. त्यांनीही पुन्हा ज्वारीचं विचारलं.

क्लास बंद झाला. संयोगितानं अकरावी कशीबशी काढली आणि बारावीला आर्ट्स घेतलं. भूगोल तिला आवडतो. कॉलेजची सहल चंदगडला गेली होती, तिथं तिच्या पायाला जळू चिकटली. हे तिनं आपणहून बापाला सांगितलं. तिचं बोलणं होईपर्यंत त्यांनी गिरणी बंद ठेवली आणि रांग कुरकुरली. आवाज मात्र काही फार उतरलेला नाही. मध्यंतरी तिला चष्मा लागला, तेव्हा चौकापर्यंत बातमी गेली. ती दोन दिवस बोलली नाही. त्यांनी तिची माफी मागितली. तीही चौकानं ऐकली. पूर्णिमा म्हणाली, निदान मागितली तरी.

आता तिला गिअरची गाडी शिकायची आहे. गेल्या रविवारी ते तिला मोटारसायकलवरनं शेताकडच्या रस्त्याला घेऊन गेले. क्लच, ब्रेक, गिअर एकदा दाखवलं आणि हाताची घडी घालून बांधावर उभे राहिले. ओरडायचं नाही, असं घरातनंच ठरवून निघाले होते. संयोगिता बरी चालली होती. मग वळण आलं आणि ती सरळच गेली. गाडी उसात शिरली.

ती बाहेर आली, हाताला ओरखडे, केसांत पाचट.

"पप्पा! वरडायचं न्हाय व्हय? वळण आलतं की!"

विजयसिंह उसात उतरले. दोघांनी मिळून गाडी ओढून काढली. एक आरसा फुटला होता.