न छापलेला कार्यक्रम

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका लहानशा दैनिकात उपसंपादक होतो. नाव मोठं, काम एवढंच की 'आज शहरात' हा कॉलम माझ्याकडे होता. कुठल्या तालमीत सत्कार, कुठल्या मंडळाचं रक्तदान शिबिर, दसरा चौकात व्याख्यान, कलेक्टर कचेरीवर कुणाचा मोर्चा, हे लोक चिठ्ठीवर लिहून आणून द्यायचे आणि मी त्याच्या दोन-दोन ओळी करायचो. तेव्हा मोबाइल नव्हते. त्या दोन ओळी आल्या नाहीत, तर कार्यक्रम गल्लीबाहेर कुणाला कळायचा नाही.

माझ्या घरात तो कॉलम सगळ्यात मन लावून वाचायची ती आक्का, माझी थोरली बहीण. तिला गडहिंग्लजला एका व्यापाऱ्याच्या घरात दिली होती. चार वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला एका ट्रंकेसह आमच्या दारात सोडलं. गल्लीत आम्ही सांगितलं, "आईला बरं नसतं, म्हणून आलीय." आई ठणठणीत होती. तीन वर्षं आम्ही तेच सांगत होतो. आक्का हळदीकुंकवालासुद्धा जायची नाही. सकाळी पेपर उघडून म्हणायची, "आज भजन हाय व्हय रे देवळात?" मी "हूं" म्हणून चहा प्यायचो. चल, जाऊया, असं कधी म्हणालो नाही.

एका गुरुवारी दुपारी ऑफिसात एक बाई आल्या. उचगावच्या, ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या. पन्नाशीच्या असतील. त्यांनी वहीचा एक कागद माझ्यापुढं ठेवला. अक्षर त्यांच्या मुलीचं होतं. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा मेळावा, रविवारी दुपारी तीन वाजता, राजारामपुरीतल्या एका शाळेत. खाली लिहिलं होतं, 'लाजू नका, या.'

"सायेब, बाकीचं बारीक करा," बाई म्हणाल्या, "पण ती शेवटची वळ काढू नका. ती वाचूनच बायका येतील."

"नाही काढणार," मी म्हणालो.

बाई गेल्यावर मी कागद परत वाचला आणि माझ्या डोळ्यांपुढं आक्का आली. ती हे वाचणार. वाचून गेलीच तर? कुणीतरी बघणार, गल्लीत बोलणार. पुढच्याच आठवड्यात मलकापूरची माणसं माझं स्थळ म्हणून आमचं घर बघायला येणार होती. आक्कानं त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, असं वडिलांनी ठरवलं होतं, आणि मी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं.

मी तो कागद घडी करून खिशात टाकला. जागा नव्हती असं नाही. जागा होती. ती भरायला मी एका पाककला स्पर्धेच्या दोन ओळींच्या सहा केल्या.

रविवारी आक्कानं पेपर वाचला आणि घडी करून ठेवला. मला हायसं वाटलं. दुपारी "देवळात जाऊन येते" म्हणून ती बाहेर पडली आणि दिवेलागणीला आली. मला तर ती बाहेर पडल्याचं बरंच वाटलं.

सोमवारी त्या बाई पुन्हा ऑफिसात आल्या. आता चार माणसांत माझी खरडपट्टी निघणार, म्हणून मी आधीच उत्तर जुळवायला लागलो. जागा नव्हती, संपादकांनी काढलं, असलं काहीतरी. पण बाई टेबलाजवळ येऊन वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताप उतरला का, सायेब?"

मला काही कळेना.

"तुमची भैन आलती की काल. आमच्या गिऱ्हाइकातल्या एका बाईनं सांगितलंतं तिला. नऊच जणी जमलो. एकीनं इचारलं, पेपरात का आलं न्हाई? तवा तीच उठून बोलली, माझा भाऊ लिहितो ते, तो तापानं आजारी हाय, त्यामुळं ऱ्हायलं. मला वाटलं, बघून यावं."

नवऱ्यानं टाकलं हे माझ्या बहिणीनं पहिल्यांदा चारचौघींत सांगितलं असणार, आणि त्याच तोंडानं तिनं मला झाकलं होतं. मी म्हणायला हवं होतं की बाई, मी मुद्दाम छापलं नाही. मी म्हणालो, "आता बरं आहे."

"काळजी घ्या," म्हणून त्या गेल्या.

संध्याकाळी आक्का भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो. "हात धू, वाढते," ती म्हणाली. मी हात धुतले आणि जेवलो.

पुढच्या आठवड्यात मलकापूरची माणसं आली. चहाचा ट्रे घेऊन आक्का स्वतःच बाहेर आली. कुणी विचारायच्या आत म्हणाली, "मी ह्याची थोरली भैन. नवऱ्यानं टाकलीय मला. हितंच असते." वडील जमिनीकडं बघत बसले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण पाहुण्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई सतरंजीवर सरकल्या आणि म्हणाल्या, "मग उभी का? बस की गं." माझं लग्न तिथंच ठरलं. ज्या बदनामीच्या भीतीनं मी एवढं केलं, तिचं कुणी नावही काढलं नाही.

आक्का पुढं त्या बाईंच्या बरोबर काम करायला लागली. गावोगाव बैठका घ्यायची, कोर्टात बायकांच्या सोबतीला जायची. मला तिच्याशी त्याबद्दल बोलायला दहा-बारा वर्षं लागली. नोकरी बदलून झाली होती, माझी मुलगी शाळेत जात होती. एका सकाळी आक्का एस्टीला निघाली असताना मी म्हणालो, "आक्का, तो मेळावा मी मुद्दाम छापला नव्हता."

"ठावं हाय की," ती चपला घालत म्हणाली. "तू कुठं आजारी होतास?"

"मग खोटं का बोललीस?"

"नवऱ्यानं टाकलं हे सांगायला कसंबसं तोंड उघडलंतं. त्यावर भावालाबी माझी लाज वाटती, हे कुठं सांगू?"

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या 'बरं'चा अर्थ तिला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.